पोट माझं कोरडं ठेवा

"कुलूपबाई गं, ठेवते पोट तुझं कोरडं,
तुझ्या भरवशावर माझं चाकांवरचं घरटं.
बिजागरीबाईला घालते तेलाची धार,
कुरकुरू नको बाई, उघड माझं दार."

मित्रांनो, हा आवाज ऐकून फार वर्षं झाली, पण अजून तो माझ्या अंगात घुमतो. मी एक जुनं कुलूप आहे. कडीला लटकणारं नव्हे, दाराच्या पोटात बसवलेलं. आणि माझं दार साध्या घराचं नाही. मोटारीच्या मागे जोडून गावोगाव ओढत न्यायचं पत्र्याचं घर असतं ना, आत दोन बाकं, एक शेगडी आणि झोपायला फळी, त्याचं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा मी नुसती चकचकीत होते. शहाणी झाले ती आईंच्या हाताखाली. आई म्हणजे या घराची मालकीण. त्यांची मुलगी त्यांना आई आणि मालकांना बाबा म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते.

बाबांचं सलून होतं, पण त्याला दुकान नव्हतं. जिथे पुलाचं काम चाललंय, जिथे दगडाची खाण आहे, जिथे माणसं पुष्कळ आणि आरसा एकही नाही, तिथे आमचं घर जाऊन उभं राहायचं. बाहेर कापडी छताखाली एक खुर्ची मांडली, दाराच्या आतल्या बाजूला आरसा टांगला, की झालं सलून. दार उघडलं तर दुकान उघडलं, दार लागलं तर घर लागलं. सगळं माझ्यावर.

"चाकं तुमची, दार माझं," आई म्हणायच्या. बाबांनीही ते कायमचं मान्य केलं होतं. ते गाडी जोडायचे, चाकांत हवा बघायचे, आणि दाराकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

नव्या जागी पोहोचलो की आई आधी फडक्याने माझं तोंड पुसायच्या. किल्लीच्या भोकात फुंकर घालायच्या. मग मुलीच्या दप्तरातली पेन्सिल काढून तिचं शिसं किल्लीच्या दोन्ही अंगांना खसाखसा घासायच्या. ती काळी किल्ली माझ्या पोटात फिरली, की रस्त्याचा सगळा शिणवटा निघून जायचा.

"आई! परत माझं टोक मोडलंस!" मुलगी करवादायची.

"तुझ्या टोकावर घर चाललंय आपलं. गप बस."

तेल मिळायचं ते बिजागऱ्यांना, थेंब थेंब. दाराच्या कडेच्या रबराला बाबांच्या डब्यातली मानेला लावायची पावडर. मला मात्र कोरडं शिसं, दुसरं काही नाही. धुळीच्या रस्त्यावरच्या कुलपात तेल गेलं की त्याच्यावर धूळ बसते, आणि दोन्ही मिळून चिखल होतो, हे आईंना कुणी शिकवलं होतं देव जाणे. पण त्यांना ते ठाऊक होतं, आणि काम करता करता त्या ते गाण्यात म्हणायच्या. खाणीवरचा एक मुकादम दाढी करून घेताना म्हणाला होता, "वहिनी, हे दार लागतं का निजतं? आवाजच नाही." मी त्या दिवशी दिवसभर फुगून होते.

मग आई आजारी पडल्या. आणि एके सकाळी माझ्या दारातून त्या बाहेर गेल्या, त्या परत आत आल्याच नाहीत.

बाबांनी खुर्ची घडी केली. मुलगी आता संसारी बाई झाली होती. तिच्या अंगणात, भिंतीला लागून, आमचं घर कायमचं उभं राहिलं. ती रोज सकाळी चहा घेऊन यायची आणि रोज तेच म्हणायची.

"बाबा, आत राहायला या ना. खोली रिकामी आहे."

"मला इथेच बरं वाटतं. झोप कशी छान लागते."

मित्रांनो, ते खोटं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. निजायच्या आधी बाबा मला आतून लावायचे, पुन्हा उघडायचे, पुन्हा लावायचे. पूर्वी दिवसाचं शेवटचं काम म्हणून आई दार लावायच्या. तो टक् असा आवाज त्यांना हवा असायचा. तो ऐकून ते फळीवर बसून राहायचे. आडवे व्हायचेच नाहीत.

आणि त्यांनी मला तेल घालायला सुरुवात केली.

आयुष्यभर कात्रीला तेल, केस कापायच्या मशीनला तेल. लोखंड म्हटलं की तेल, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक. लांब नळीची बाटली घेऊन ते रोज माझ्या पोटात धार सोडायचे आणि आईंचं गाणं गुणगुणायचे. पण त्यांना अर्धंच आठवायचं. "घालते तेलाची धार, उघड माझं दार." पहिल्या दोन ओळी त्यांच्या ध्यानातून गेल्या होत्या. मी काय करणार? माझ्या पुढे-मागे सरकणाऱ्या पट्टीला आई जीभ म्हणायच्या. पण ती जीभ सरकायची, बोलायची नव्हे. इतकी माया मला कधी मिळाली नव्हती, आणि त्या मायेतच मी बुडत होते. धूळ बसत गेली, तेल घट्ट होत गेलं. आधी किल्ली जड झाली. मग मला आतून फिरवायची मूठ.

एका रणरणत्या दुपारी बाबांनी मला आतून लावलं, आणि मी उघडेचना. ते मूठ फिरवत राहिले. पत्रा तापला होता. खिडकी एवढीशी, हात जाईल इतकीच. मी सारा जीव एकवटला, पण जीभ तसूभर हलली नाही. आत माझा माणूस घामाने निथळत होता, आणि त्याला कोंडणारी मी होते.

मुलगी धावत आली. किल्ली लावून पाहिली, ती अर्ध्यातच अडकली. तिने खिडकीतून पाणी दिलं. मागून जावई पहार घेऊन आला.

"बाबा, मागे सरका. एका दणक्यात काढतो."

"खबरदार!" आतून बाबा ओरडले. "तुझ्या सासूचं कुलूप आहे ते. पहार लावशील तर बघ!"

"अहो, तुम्ही शिजाल आत!"

"शिजू दे."

मुलीने नवऱ्याच्या हातातली पहार खाली ठेवली आणि हलक्या हाताने किल्ली बाहेर ओढली. किल्लीला काळा चिकटा लागला होता. तिने तो बोटाने पाहिला, हुंगला.

"बाबा, कुलपात तेल घातलंत?"

"रोज घालतो. तुझी आई घालायची तसं."

"आई कुलपात कधीच तेल घालायची नाही, बाबा. ती माझी पेन्सिल न्यायची." आणि दाराला तोंड लावून तिने त्या दोन ओळी म्हटल्या. ठेवते पोट तुझं कोरडं.

 आतून अगदी बारीक आवाज आला. "मीच बिघडवलं गं. मीच."

"बिघडलेलं नाही, तुंबलंय. तुमची स्पिरिटची बाटली आहे ना? आणि पाण्याचा फवारा? द्या खिडकीतून."

केसांवर मारायच्या फवाऱ्यात स्पिरिट भरून ती माझ्या पोटात मारू लागली. काळं पाणी ओघळलं. पुसलं, पुन्हा मारलं. जावयाने खिशातला रुमाल दिला, तोही काळा झाला. बराच वेळ गेल्यावर, सगळं सुकल्यावर, तिने पेन्सिल मागवली आणि किल्लीला शिसं घासलं. खसाखसा. हात अगदी आईंचा.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी मुकं असेल, तर त्याला माया जरूर द्या. पण त्याला काय हवंय ते आधी विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा.

टक्.

दार उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे होते, सदरा अंगाला चिकटलेला, हातात रिकामी तेलाची बाटली.  मुलीने रोज सकाळचं ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही.  बाबांनी माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला.

"मला इथे झोप लागत नाही गं," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून लागलीच नाही. ती खोली अजून रिकामी आहे का?"