मुलगी पळत का नाही

सरांनी आमचा ट्रेलर पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण मुलगी पळत का नाही?"

"तिला पळायचं नाहीये," मी म्हणाले.

"अगं, थ्रिलर आहे हा. मुलगी पळाली नाही तर प्रेक्षक पळतील."

बाकीचे गट खिदळले. सर जाहिराती सोडून आमच्या फिल्मच्या कोर्सला शिकवायला आलेले, त्यामुळे वाक्य टाकायचं आणि हशा घ्यायचा ही त्यांची जुनी सवय. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. ट्रेलर लिहिला मी, एडिट केला मी, आणि त्यातली मुलगी काय करते हे बाहेरच्या माणसाने ठरवायचं?

आमचा ट्रेलर साधा आहे. घरात एकटी मुलगी कप विसळतेय. संगीत नाही, फक्त फ्रिजची घरघर. ती दाराची कडी बघते, लागलेली आहे. आतल्या खोलीत जाते, परत येते, पुन्हा कडी बघते. मग बाहेरून कुणीतरी दाराची मूठ हळूच फिरवतं. मुलगी थांबते. खुर्ची ओढून दारासमोर ठेवते, स्वतःच्या हाताने कडी काढते, खुर्चीत बसते आणि म्हणते, "या." पडदा काळा, फिल्मचं नाव, संपलं.

सरांना यात भीती दिसेना. "टार्गेट ऑडियन्स कोण आपलं? पहिल्या वर्षाची पोरं. त्यांना धक्का लागतो, किंकाळी लागते, धाडधाड संगीत लागतं. तुमच्या फोल्डरमध्ये जिन्यावरचा शॉट आहे ना? तो घाल."

तो शॉट होता खरा. पहिल्या दिवशी कुणालाच काही सुचत नव्हतं, म्हणून आमच्या कॅमेरावाल्या लांबूने ट्रेलरमधल्या मुलीला, म्हणजे माझ्या मावसबहिणीला, अनवाणी जिन्यावरून पळवलं होतं. ती पळते, मागे बघते, पडते, तोंडावर केस येतात, किंचाळते. पाहिल्या पाहिल्या मला तो शॉट आवडला नव्हता. उडवून टाकायला हवा होता, तो राहिला आणि सरांच्या हाती लागला.

"उद्या पहिल्या वर्षासमोर चाचणी आहे. शॉट घालून आण, नाहीतर तुमचा ट्रेलर यादीतच नाही," सर म्हणाले.

यादीत नाही म्हणजे काय, ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. ज्या गटाचा ट्रेलर निवडला जाईल, त्याला सरांच्या कपाटातला मोठा कॅमेरा, दिवे आणि अख्खी फिल्म करायची संधी. बाकीच्यांनी त्या फिल्मवर वायरी गुंडाळायच्या. आमची गोष्ट तिथेच मेली असती.

माझ्या घरी आल्यावर लांबू म्हणाला, "जाऊ दे ना. एक शॉट तर आहे. आधी कॅमेरा तर मिळू दे, मग आपल्याला हवं ते करू."

"मग कसलं हवं ते? एकदा ती पळाली की फिल्मभर पळत राहणार."

मावसबहीण माझ्या पलंगावर आडवी पडून आमचा ट्रेलर आणि फोल्डरमधले उरलेले शॉट बघत होती. जिन्याचा शॉट आला तसा तिने मोबाइल उलटा ठेवला. "मी यात किती बिचारी दिसते गं. आणि खरं सांगू? घरात एकटी असले की मी कडी तपासते. दोनदा. कधी तीनदा. पळत कधीच नाही. पळून जाणार कुठे, घर तर माझंच आहे."

मी सरांना हवा तसा ट्रेलर केला. किंकाळी घातली, धाडधाड घातलं. आणि पेनड्राइव्हमध्ये त्याच्या शेजारी माझाही ठेवला.

चाचणीची सरांची एक पद्धत आहे. ते स्वतः पडद्याकडे पाठ करून उभे राहतात आणि बसलेल्यांच्या माना बघतात. माना मोबाइलकडे वळल्या की तिथे कात्री लावायची. पद्धत मला मनापासून पटते. म्हणून मीही लॅपटॉपपाशी उभी राहून माना बघू लागले.

सरांचा ट्रेलर सुरू झाला. धाडधाड, जिना, किंकाळी. मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. एकाने "पड, पड" म्हटलं आणि ती पडली तेव्हा टाळ्या पडल्या. सर खुशीत मान डोलवत होते. खिडकीकडच्या रांगांमध्ये मुली बसल्या होत्या. ती मागे वळून बघते ना, तिथेच त्यांच्या माना खाली मोबाइलकडे गेल्या. एकजात.

"बघितलंस?" सर म्हणाले. "शिट्ट्या ऐकल्यास?"

"ऐकल्या. तुम्ही खिडकीकडच्या माना बघितल्या?"

"दंगा बघ ना केवढा झाला."

"सर, अर्धा वर्ग मोबाइलवर होता. तोही आपला टार्गेट ऑडियन्सच आहे."

त्यांच्या कपाळावर आठी चढली. "पुढचा गट," ते म्हणाले.

मी पुढच्या गटाला जागा दिली नाही. आमचा दुसरा ट्रेलर लावला. सरांनी लॅपटॉपकडे हात नेला तशी मी मध्ये उभी राहिले. तिथून हलले नाही. सर मोठ्याने काही म्हणाले असते, पण तोवर फ्रिजची घरघर सुरू झाली होती.

मागचे बाक चुळबुळले. "आवाज वाढवा," कुणीतरी म्हणालं. मुलीने पहिल्यांदा कडी बघितली, तिकडे दोघा-तिघांनी मोबाइल काढले. खोटं कशाला बोलू, त्या माना गेल्याच. खिडकीकडे मात्र कुणी हललं नाही. ती दुसऱ्यांदा कडी बघायला परत आली तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि ओशाळं हसल्या. मूठ फिरली. मागची चुळबुळ थांबली. तिने कडीला हात लावला, आणि कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "अगं, नको."

"या."

काळा पडदा.

शिट्टी नाही, टाळी नाही. मग एकदम कालवा. "ओळखीचा असणार." "छे, तिनेच बोलावलंय त्याला." "हातात काय होतं तिच्या?" "काही नव्हतं." "असणार रे, दाखवलं नाही." मागचा तो 'पड, पड'वाला उठून उभा राहिला आणि मलाच विचारू लागला, "पुढे काय होतं?" पहिल्या ट्रेलरनंतर हे कुणीच विचारलं नव्हतं. पळणाऱ्या मुलीचं पुढे काय होतं हे सगळ्यांना पाठ असतं.

मी सरांकडे बघितलं. ते पडद्याकडे तोंड करून उभे होते.

पोरं गेली, पुढच्या गटांचंही झालं, मग सर माझ्याकडे वळले. "परवानगी न घेता लावलास. गुण कापणार."

"कापा."

"सगळ्यांसमोर माझा हात अडवलास."

"अडवला. पुन्हा अडवीन."

लांबू दाराशी वायर गुंडाळत होता. तो न विचारता म्हणाला, "सर, कॅमेरा नाही दिलात तर आम्ही माझ्या मोबाइलवर करू. पण ती पळणार नाही." काल शेपूट घालणारा हाच का तो, असं मला वाटलं. त्याला तिथेच मिठी मारावी इतकं बरं वाटलं.

सरांनी खिशातून कपाटाची चावी काढली, पण मुठीत धरून ठेवली.

"आधी मला सांग, दारात कोण होतं?"

"नाही सांगणार," मी म्हणाले आणि चावीसाठी हात पुढे केला.