तेरा पंचे पासष्ट

परदेशात, क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, शांताबाई एका खोलीच्या भाड्याच्या घरात राहत. नवरा गोदीत फोरमन होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या हातातलं काम टाकून खिडकीपाशी बसत आणि बटणांचा जुना फोन मांडीवर घेत. कराडला तेव्हा साडेतीन वाजलेले असत. अक्काची दुपारची झोप झालेली असे. आणि फोन वाजे.

"शांते, जेवलीस का गं?"

सहा वाजता कोण जेवतं? पण शांताबाई म्हणत, "जेवले गं अक्का."

"काय केलं होतंस?"

मग कधी मेथी, कधी भरली वांगी. खरं तर खालच्या हॉकर सेंटरातल्या खाण्याच्या टपरीवरून आणलेला भात तसाच झाकून ठेवलेला असे. पण अक्काला मेथी आवडायची.

अक्का म्हणजे अरुणा, पाच वर्षांनी मोठी बहीण. जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलेली. दोन-तीन वर्षांपासून तिच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटून चालली होती. सुनेचं नाव गेलं, घराची गल्ली गेली, नवरा वारल्याचंही कधी लक्षात असे, कधी नसे. राहिला होता तो एक नंबर. आधी दोन शून्यं, मग देशाच्या कोडसाठी "तेरा पंचे पासष्ट", आणि पुढचे आठ आकडे पाढ्याच्या चालीवर. ते म्हणत म्हणत ती स्वतःच्या बोटानं फोन लावी. इकडून शांताबाईंनी फोन केला तर मात्र सगळंच बिनसे. वाजणारा फोन म्हणजे परकं माणूस, हे अक्काच्या मनानं घेतलं होतं. "कोण बोलतंय? कुणी नाही घरात," असं म्हणून ती मोकळी होई. आपण लावलेल्या फोनवर जी बोलते तीच शांता, बाकी सगळ्या तोतया.

दोन हजार सतरा साल उजाडलं आणि जुनी टू-जी सेवा एप्रिलपासून बंद होणार असं पत्र आलं. शेजारच्या चिनी बाईंनी खुणांनी समजावलं, हा फोन आता मुका होणार.  नवा फोन घ्यायची ऐपत नव्हती. पण त्यांच्यासारख्यांना सरकारी मदतीतून सवलतीत फोन आणि लाइन मिळते असं वल्लरीनं शोधून काढलं. ही वल्लरी पुण्याची, राहायला पुंगोलला, नोकरी अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात. गणपतीत ओळख झालेली, तेव्हापासून आजी आजी करत यायची.

"आजी, फॉर्म मी भरलाय. फोन घ्यायला बोलावलंय त्या दिवशी माझी मीटिंग आहे, नाहीतर आले असते. पण काउंटरवरून मला फोन लावायला सांगा, मी सगळं मराठीत विचारते."

शांताबाई आदल्या दिवसापासून घोकत होत्या, "सेम नंबर, कॅन?" म्हणजे तोच नंबर मिळेल ना. बाजारातलं मलय त्यांना येई, इंग्रजी मात्र तोंडातच विरघळे. जायच्या दिवशी काउंटरवरच्या चष्मेवाल्या मुलीनं इतक्या गोड आवाजात "आंटी, सिट, सिट" म्हटलं की घोकलेलं सगळं पळालं. शांताबाईंनी वल्लरीचा नंबर लिहिलेला कागद पुढे केला. मुलीनं टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला. आजूबाजूला पन्नास म्हातारी माणसं एकदम बोलत होती.

पत्ता झाला. ओळखपत्र झालं. मुलीनं इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. तिकडून वल्लरीचा आवाज आला, अर्धा गोंगाटात बुडालेला.

"आजी... जुना... ठेवायचा का?"

शांताबाई घाबरल्याच. आत्ताच फोन ठेवते की काय ही पोर? मग इथे या गर्दीत आपलं कोण?

"नको, नको गं बाई! ठेवू नकोस!"

"नको ना? नक्की?"

"नक्की नको!"

वल्लरी इंग्रजीत काहीतरी बोलली. मुलीनं एका चौकोनात खूण केली, सहीची जागा दाखवली. शांताबाईंनी मोडी वळणाची सही केली आणि वल्लरी शेवटपर्यंत फोनवर थांबली म्हणून मनोमन तिला आशीर्वाद दिला.

नवा फोन झकास होता, आरशासारखा. चार दिवसांनी जुना फोन मुका झाला. संध्याकाळी सहा वाजता शांताबाई नवा फोन मांडीवर घेऊन बसल्या. सहा वाजले, साडेसहा वाजले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वल्लरीला बोलावलं.

"आजी, हा नंबरच वेगळा आहे! जुना नंबर तुम्हीच नको म्हणालात ना? मी विचारलं, जुना नंबर ठेवायचा का. तुम्ही म्हणालात, ठेवू नकोस."

"अगं, ते मी तुला म्हटलं! फोन ठेवू नकोस म्हणून!"

वल्लरी आधी फसकन हसली. मग शांताबाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं. शांताबाईंनी तिला अक्काचं सगळं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वल्लरी दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना घेऊन काउंटरवर गेली. चष्मेवाल्या मुलीनं दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि मान हलवली. जुना नंबर बंद झाला होता. तो परत मिळेलच असं सांगता येत नाही, अर्ज करून ठेवा, महिने लागतील. "सॉरी आंटी," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"अक्काला नवा नंबर शिकवता नाही येणार?" परतताना वल्लरीनं विचारलं.

"ती आता शिकत नाही गं. जे आहे तेवढंच आहे."

रात्री धीर करून शांताबाईंनी अक्काच्या मुलाला, विश्वासला, फोन लावला.

"मावशी, तुझा नंबर लागेना, मला वाटलं तुझी तब्येत बरी नाही. पण आई म्हणते तू ठीक आहेस."

"तिला काय माहीत?"

"रोज बोलते तुझ्याशी, असं ती सांगते."

"माझ्याशी?"

विश्वास जरा घुटमळला. "मी काल कान लावून ऐकलं. तिकडून एक बाई इंग्रजीत सांगते, हा नंबर सेवेत नाही. आई म्हणते, शांता आता मडमेसारखं बोलते. तिला कौतुकच वाटतं. मग बराच वेळ बोलत बसते. मी तिचं बोलणं मोडत नाही."

 शांताबाईंना त्या इंग्रजी बाईचा हेवा वाटला. यंत्राचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार?

"विश्वास," त्या शेवटी म्हणाल्या, "उद्या ती फोन करायला बसली की तुझ्या मोबाइलवरून मला लाव. तिच्याजवळ धर. तिला दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी नवा फोन वाजला. विश्वासनं ठरल्याप्रमाणे मोबाइल आईजवळ धरला होता. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आकडे, एकेक, संथ चालीवर, एकही न चुकता. मग लांबून ती बाई इंग्रजीत बोलली, दोनदा बोलली, आणि थांबली.

"शांते," अक्का म्हणाली, "जेवलीस का गं?"

"जेवले गं अक्का," शांताबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या.

अक्का उत्तरासाठी थांबली होती. किती वेळ थांबायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

"आणि काय केलं होतंस?"

"मेथी. लसणाची फोडणी देऊन."

"मला वाटलंच," अक्का म्हणाली. तिला काही ऐकू गेलेलं नव्हतं, तरी ती तसंच म्हणाली. मग आमच्याकडे अंगणात चिंचेला पालवी आलीय, पोरं दंगा करतात, तू कधी येतेस, असं एकामागून एक सांगत सुटली. शांताबाई मधल्या प्रत्येक थांब्यावर उत्तर देत होत्या, आवाज खाली ठेवून, तिचं बोलणं मोडू नये म्हणून.

"मावशी, ऐकू येतंय ना?" विश्वासनं हळूच विचारलं.

शांताबाईंचा कान अक्काकडेच होता. अक्का चिंचेबद्दल अजून सांगत होती.