वाफेवर धरलेलं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी विजेची किटली आहे. कायद्याच्या महाविद्यालयात, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाच्या डोक्यावर सध्या माझा मुक्काम असतो.

माझा स्वभाव संशयी आहे, आणि त्याला कारण आहे. कारखान्यात माझं बूड जोडून, मूठ बसवून झाली, तेव्हा कोणी कौतुक केलं नाही. एका माणसाने मला काठोकाठ भरलं, खाली कोरडा कागद पसरला आणि मी गळते का ते पाहत बसला. जन्मल्या जन्मल्या माझ्यावर संशय! दुकानातही तेच. मला विकत घ्यायला आलेल्या महाविद्यालयाच्या हेडक्लार्कने मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, ही आधी कोणी वापरलेली तर नाही ना?

इथे आल्यावर मात्र माझे दिवस बरे गेले. दोन तासांच्या मधल्या वेळात सगळे शिक्षक माझ्याभोवती जमायचे. 'किटली आहे म्हणून हा विभाग चालतो,' असंही एकदा माझ्या कानावर आलं. मी उकळत उकळत माणसं ओळखायला शिकले. ज्याच्या हातात कप असतो, तो सरळ माणूस. जो कपाशिवाय येतो, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं.

त्या खोलीत माझ्याइतकाच संशयी जीव एकच होता, करारबाई. त्या करारांचा कायदा शिकवायच्या आणि वागायलाही तशाच करारी होत्या, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. मला हात लावण्याआधी त्या बोटांची पाठ माझ्या अंगाला टेकवून पाहायच्या. कोणी 'आत्ताच तापवलंय' म्हटलं, तरी त्यांचा विश्वास बसत नसे.

हेडक्लार्कची भाची याच महाविद्यालयात शिकत होती. वडील नव्हते, आई आणि मामा हेच तिचं घर. तिला कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दूरच्या विद्यापीठात जायचं होतं. अर्जासोबत दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागायची, तीही बंद पाकिटात, झाकणाच्या सांध्यावर शिक्षकाची आडवी सही असलेली. विद्यार्थ्याने ती वाचायची नाहीत, नुसती पाठवायची. एक पत्र प्राचार्यांनी दिलं होतं. दुसरं करारबाईंकडून घेणं भाग होतं, कारण तिचा मुख्य विषय त्याच शिकवायच्या.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. भर वर्गात न्यायालयाच्या एका निकालाबद्दल बाई चुकल्या होत्या आणि भाचीने उभं राहून ते सांगितलं होतं. तेव्हापासून बाई तिला नावाने नव्हे, हजेरीच्या क्रमांकाने हाक मारत. तरीही पत्र मागितल्यावर बाई लगेच 'देते' म्हणाल्या आणि ठरल्या दिवशी बंद पाकीट हातात ठेवलं. इतक्या सहज! भाचीच्या मनात पाल चुकचुकली. मामाच्या मनात तर पालींचं घरटंच झालं.

एका दुपारी सगळे शिक्षक वर्गांवर असताना दोघं खोलीत आले. मामाने दार लोटलं, मला गळ्यापर्यंत भरलं आणि बटण दाबलं. दोघांच्याही हातात कप नव्हता. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

वाफ आली तसं मामाने पाकीट माझ्या तोंडावर धरलं. त्याचं म्हणणं असं, की वाईट लिहिलं असेल तर हे पत्र पाठवायचंच नाही, नियमाचं नंतर बघू, दुसऱ्या कोणाचं तरी आणू. नुसतं बघायला काय हरकत आहे? पाकिटाचं झाकण हळूहळू सुटू लागलं. पण करारबाई शाईच्या पेनाने सही करत. ती सही फुगली, पसरली आणि निळा ओघळ मामाच्या अंगठ्यावर आला.

भाचीने पाकीट ओढून घेतलं. ते अर्धं उघडलं होतं. आत घडी घातलेला कागद दिसत होता.

"आता उघडलंच आहे, तर वाच," मामा म्हणाला.

तिने झाकणावर तळहात दाबून धरला. मग मामाने आवाज आणखी खाली आणला. "नवीन पाकीट माझ्याकडे आहे, सही मी करतो, इतकी वर्षं बाईंची सही बघतोय, कोणाच्या बापाला कळणार नाही."

"मामा, मी कायदा शिकायला निघाले आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बाईंची वाट पाहत बसली. मामा तिला समजावत राहिला, पण ती हलली नाही.

करारबाई आल्या. सवयीने बोटांची पाठ मला टेकवली आणि कोणी पाणी तापवलं म्हणून विचारलं. मामा म्हणाला, चहासाठी. बाईंनी टेबलावर नजर फिरवली, कप दिसला नाही. तेवढ्यात भाचीने ओलं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय घडलं ते सांगितलं. मामाच्या वाट्याचंही स्वतःवर घेतलं.

"वाचलंस?"

"नाही."

"पण वाईटच असणार, असं वाटलं."

"हो. मी वर्गात तुमची चूक काढली होती."

बाईंनी कागद बाहेर काढला आणि फाडला. "वाईट नव्हतं," त्या म्हणाल्या. "कोमट होतं. चांगली मुलगी, नियमित हजर. कोमट पत्राने कोणाला प्रवेश मिळत नाही, हे मला ठाऊक होतं."

त्यांनी नवा कागद घेतला. "आज घडलं तेही लिहावं लागेल."

भाचीचा चेहरा पडला. तरी ती म्हणाली, "लिहा."

त्या दिवशी बाईंनी पान भरून लिहिलं, पाकीट बंद केलं, सही केली आणि ते पुन्हा तिच्याच हातात दिलं.

मामाला ते पटलं नाही. बाईंनी भाचीचं वाटोळं केलं, असं धरून त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे विद्यापीठाने तिला मुलाखतीला बोलावलं. पहिलाच प्रश्न होता, पाकीट वाफेवर का धरलंत? तिने जसं घडलं तसं सांगितलं. तिला प्रवेश मिळाला. निकालाच्या दिवशी मामा खोलीत आला आणि त्याने बाईंसाठी चहा केला. बाईंनी तो आधी हुंगला, मग प्यायल्या.

मित्रांनो, आता बाई निवृत्त झाल्या आहेत आणि खोलीत चहाचं नवं यंत्र आलं आहे. माझ्या आत पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर चढला आहे. असा थर एका दिवसात चढत नाही. रोज थोडा थोडा साचतो आणि मग कितीही तापवलं तरी पाण्याला लवकर उकळी फुटत नाही. माणसांच्या मनात संशय असाच साचताना मी पाहिला आहे. तो वेळीच विचारून धुऊन टाका. आणि तुमच्या घरी माझी एखादी बहीण अडगळीत पडली असेल, तर तिला थोडं लिंबू लावून घासा. वापरायची नसेल, तर निदान कोरडी पुसून झाकण उघडं ठेवा. बंद झाकणाखाली ओल राहिली की वास धरतो, आणि लोक म्हणतात, किटलीच वाईट होती.