आवाज न करणारा कॅमेरा

प्रसूती विभागातल्या सिस्टरला वॉर्डासाठी कॅमेरा हवा होता. जन्माआधीच गेलेल्या बाळांचे फोटो काढायला. अशाच एका बाळाची आई वर्षभरानं परत येऊन म्हणाली होती, "त्याचा चेहराच आठवत नाही हो मला." ते सिस्टरच्या मनातून काही केल्या जाईना.

तिच्या भावोजींचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी दोन जुने डिजिटल कॅमेरे आणून दिले. "दोन्ही वापरून बघ. जमेल तो ठेव, दुसरा परत कर."

तिनं टॉवेलची गुंडाळी पाळण्यात ठेवून फोटो काढले. मोठा कॅमेरा चांगलाच जड होता, पण कमी उजेडातही टॉवेलचा धागा न् धागा दिसत होता. छोटा मुठीत मावायचा. फोटो मात्र रवाळ, जरा फिकट.

"मोठाच ठेवते," तिनं फोनवर सांगितलं. "यात डोकं काय खाजवायचं!"

तिसऱ्याच दिवशी दुपारी पोटातच गेलेली एक मुलगी जन्मली. सिस्टरनं तिला पुसून, गुंडाळून आईच्या कुशीत दिलं. बाप खिडकीशी, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता.

"फोटो काढू?"

आईनं मान डोलावली.

खटॅक! त्या शांत खोलीत आवाज केवढा तरी मोठा झाला. बाप दचकला. आईनं पटकन बाळाच्या कानांवर हात ठेवले, आणि मग स्वतःच्याच हातांकडे बघत राहिली.

सिस्टरनं मोठा कॅमेरा बाजूला ठेवला, कपाटातून छोटा आणला, त्याचा फ्लॅश आणि आवाज बंद केला, उजेडासाठी पडदा बाजूला सारला. मग अकरा फोटो काढले. कुणाला कळलंही नाही.

"नाक तुमच्यावर गेलंय," आई हळूच म्हणाली.

बाप वळला. जवळ येऊन बाळावर वाकला. "मला देतेस?"

त्याला धरता येईना. सिस्टरनं त्याचा हात बाळाच्या मानेखाली नीट घातला, सगळ्याच बापांना दाखवते तसा. मग बारावा फोटो काढला.

संध्याकाळी तिनं मोठा कॅमेरा स्टुडिओत नेऊन दिला.

"अगं, छोट्यात ठिपके येतात."

"येऊ देत, भावोजी."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खण उघडून छोट्याची जादा बॅटरी तेवढी तिच्या हातात ठेवली.