फरशीतलं नाव

बोर्ली पंचतनच्या देवळात संगमरवर बसवायचं ठरलं, तेव्हा देणगीदारांची नावं फरशीतच कोरायची असंही ठरलं. सुचिताने वडिलांचं, कोंडाजींचं नाव दिलं. ते मागच्या पावसाळ्यात वारले होते. तिचा मोठा भाऊ हरी नोकरीनिमित्त मुंबईत असतो. त्याला फोनवर हे कळलं आणि रविवारी तो गावात हजर झाला.

"बाबांच्या नावावर लोक पाय देणार?"

"देवदर्शनाला आलेल्यांचे पाय, दादा. गावातल्या कितीतरी जणांची नावं आहेत तिथं."

"मला लोकांचं सांगू नकोस. पाटी भिंतीवर लावू."

पण जांभ्याच्या जुन्या भिंतींना हात लावायचा नाही, असं देवळाच्या मंडळींनी आधीच सांगितलं होतं. मग निदान अक्षरं झिजणार नाहीत असा दगड बघू, म्हणून हरी तिला घेऊन विपुलच्या दुकानात गेला. देवळाचा माल त्याच्याकडूनच येणार होता. अंगणात लाकडी घोड्यांना टेकवून मोठमोठ्या लाद्या उभ्या होत्या.

"संगमरवर म्हटलं की झीज आलीच, हरीभाई," विपुल म्हणाला. "हा मूळचा चुनखडीचा दगड. जमिनीच्या पोटात ताप आणि दाब सोसून असा होतो. चकाकतो छान, पण तसा मऊच. लिंबू सांडलं तरी डाग पडतो. मऊ आहे म्हणून तर त्यावर नाजूक कोरता येतं. न झिजणारा हवा तर काळा ग्रॅनाइट देतो."

"पांढऱ्या फरशीत एकटे बाबा काळे?" सुचिता म्हणाली. "चारचौघांत उठून दिसणं त्यांना कधी आवडलं होतं का?"

हरी बाजूच्या लादीकडे वळला. कोंडाजींची लादी कोरून तयार होती. अक्षरांत काळा रंग भरलेला. त्याने नावावरून बोट फिरवलं.

"पुसलं गेलं म्हणजे?"

"तोवर आपण तरी कुठं असणार, दादा?"

"तुला हवं ते कर," म्हणून तो बाहेर पडला. तसाच जाऊन परतीच्या एसटीत बसला.

फरशी बसल्यावर तो पुन्हा आला, तोही सुचिताने फार आग्रह केला म्हणून. सभामंडपात नाव शोधत एका खांबापाशी पोचला, तर नेमकी त्या लादीवर म्हातारी गोदावरी वाती वळत बसलेली. तिचं शेत त्यांच्या शेताला लागूनच.

"आजी, जरा सरकता का? खाली बाबांचं नाव आहे."

गोदावरीने वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"कोंडाजी हाय व्हय हितं?" तिने नावावर तळवा टेकवला, पण उठली नाही. "बरं झालं. वळखीचा मानूस. लावणीच्या वक्ताला बांधावर आमी अशीच भाकर खायाला बसायचो."

हरी तसाच उभा राहिला.

"हुबा का? बस की!"

तो बसला. फरशी गार होती. गोदावरीने त्याच्या हातात कापूस दिला. त्याच्या वाती जाड आणि वेड्यावाकड्या होत होत्या, पण तिने त्या बाजूला काढल्या नाहीत.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बांधावर बसून बाबा काय बोलायचे हो?"

"त्यो कुठला बोलतोय! मीच बोलायची. त्यो ऐकायचा आनि माज्या भाकरीवरची चटनी संपवायचा."

हरीला हसू फुटलं. पूजेचं ताट घेऊन आलेली सुचिता ते ऐकून दारातच थांबली. हरीने बाजूला सरकून तिला बसायला जागा करून दिली.