तिसऱ्याचा वाटा

सासूबाई हातात नारळ घेऊन वाळूत उतरल्या तेव्हाच मला कळलं, आज भांडण होणार. मागून माझा धाकटा दीर सुशांत मान खाली घालून येत होता. गोव्यातल्या हॉटेलातली त्याची नोकरी गेली होती, आणि आता त्याला रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरीला लावायचं होतं.

आमच्याकडे रीत साधी आहे. नवा गडी नारळ फोडतो, दोरीला हात लावतो, आणि तिथून पुढे किनाऱ्यावर ओढलेल्या प्रत्येक जाळ्यात त्याचा वाटा. एक माणूस, एक वाटा. म्हणून तर वाडीत मुलगा म्हणजे दोरीचा हात. मला दोन मुली, त्यामुळे तिसऱ्यांदा नशीब आजमावायचा आग्रह घरात रोज चालतो. माझा नवरा मंगेश टीव्हीसमोर बसून म्हणतो, देशाची लोकसंख्या फार झाली, सरकारने कायदाच करायला हवा. आणि त्याच तोंडाने मला विचारतो, "मगे काय ठरवलंस?" हसावं की ताट आपटावं, कळत नाही.

जाळं अजून समुद्रात होतं. दोन्ही दोऱ्यांवर माणसं लागली होती, त्यात मंगेश आणि मधला दीर नितेशही. रापणीचे म्होरके दाजी, माझे चुलत सासरे, दोरी सोडून सासूबाईंना आडवे आले.

"वैनी, थांबा. तिसरो हात नको. आज एका घराक दोनच वाटे ठरवूचे आसत."

"आनि माझ्या झिलान काय खावचा?"

"सगळ्यांचे तिसरे इले. दर्यो मोठो झालो काय?"

सासूबाईंचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "ह्यो जल्मलो तेवा बारशाक पयल्या पंगतीक बसल्यात. तेवा कित्याक गप रवल्यात?"

ओढणारे हात थांबले होते. ओढ थांबली की मासळी निसटते हे सगळ्यांना ठाऊक, तरी कोणी हलेना. सुशांतचे कान लाल झाले होते. शेवटी दाजी म्हणाले, "लाव रे हात. नारळ मागसून. आधी जाळा येवंदे."

सुशांतने दोरी धरली आणि जीव तोडून ओढली. मी मनात देवाला म्हणत होते, भरून येऊ दे, म्हणजे भांडण मिटेल. लगेच दुसरा विचार आला, भरून आलं तर तिसऱ्याचा आग्रह आणखी वाढेल, मग माझं काही खरं नाही.

जाळं आलं, जडच आलं. पण आत बांगड्याची बोटभर पिल्लं. वाटे वाढले, पाट्या भरेनात, म्हणून गेल्या हंगामात आम्हीच बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं लावलं होतं, ज्यातून पिल्लूही सुटत नाही. आमची अक्कल, दुसरं काय. पुढच्या वर्षीचे बांगडे यंदाच वाळूत तडफडत होते.

दाजींनी वाटे घातले. सुशांतच्या पुढ्यातही एक ढीग पडला, ओंजळभर. तो खाली बसून त्याकडे बघत राहिला.

"एका घराक दोन वाटे," दाजी म्हणाले. "आनि परत मोठ्या आसाचा जाळा. कोणाक मान्य आसा?"

कोणी हात वर करेना. बहुतेकांच्या घरात तिसरा होता, नाहीतर हवा होता. मंगेश पायाने वाळू उकरत होता. तेवढ्यात सुशांतचा हात वर गेला.

"तुझोच वाटो जाता रे," दाजी हळूच म्हणाले.

"ठाव आसा माका." त्याने आपला ढीग उचलला आणि मंगेशच्या ढिगात ओतला.

मग एकेक करत बाकीचे हात वर झाले. मंगेशचा सगळ्यांत शेवटी. बायकांचा हात तिथे कोणी मोजत नाही, तरी मीही केला. घराला तिसरा हात नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं आणि लाजही वाटली, कारण माझी सुटका ज्याच्या वाट्यातून झाली तो समोरच उभा होता.

सासूबाईंनी नारळ माझ्या हातात दिला. "घराक घेवन जा. आमटीक होतलो."

सुशांत हाताला लागलेले खवले पुसत होता.

"आये," तो म्हणाला, "आता मी खंय जाव?"

सासूबाई त्याच्या हातावरचे उरलेले खवले पदराने पुसू लागल्या. मी नारळ घेऊन तिथेच उभी राहिले.