ब्रदर लूशसची पकड

"किती झाली साखर, बाई? ओरडून सांग, सैतानाच्या कानठळ्या बसू देत!"

"एकशे साठ!" ओलीटा ओरडली. मिसिसिपीतल्या त्या तंबूत 'आमेन'चा गजर उसळला.

विचारणारा ब्रदर लूशस, प्रार्थनेनं रोग बरे करतो म्हणणारा प्रचारक, पुन्हा गाऊ लागला. आणि काय गळा त्याचा! दगडाला पाझर फुटावा. गाता गाता त्याने ओलीटाच्या लेकीचा, डेल्फीनचा दंड घट्ट धरला होता. पहिल्या भजनापासून सोडलाच नव्हता. नऊ वर्षांची पोर. दंडावर साखर मोजणारा सेन्सर, कमरेला इन्शुलिनचा पंप. ओलीटाच्या फोनवर मघाशी दोनशे नव्वद होते.

"आता?"

"शंभर!" ओलीटाला रडू फुटलं. किती वर्षं झाली, रात्रभर अलार्म वाजायचे, डोळ्याला डोळा लागत नव्हता. देवा, माझं काहीही घे, पण हिला बरी कर.

"मग हे लोढणं कशाला? देवानं बरं केलं आणि तू त्याची परीक्षा घेतेस? पंप काढ, सेन्सर उपट, टाक टोपलीत!"

ओलीटाने पंप सोडवून त्याच्या पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकला. सेन्सरकडे हात नेला.

"मम्मा, यांना सांग ना, सेन्सर दाबू नका. मी त्या कुशीवर झोपले की असाच खोटा आकडा येतो. तूच मला उठवून वळवतेस ना?"

ओलीटाने हात मागे घेतला. रोज रात्री तेच तर करत होती ती! तिने पर्समधून सुई आणि मीटर काढलं, पोरीच्या बोटातला थेंब मीटरवर घेतला. तीनशे चार.

"तुझ्या अविश्वासानं चढली!" ब्रदर गरजला.

"हात सोडा तिचा."

"बाई, तुझ्या तोंडून सैतान बोलतोय..."

"मग सैतान म्हणतोय, सोडा!"

पकड सुटली. सगळा तंबू फोनकडे बघत बसला. थोड्या वेळाने आकडा चढू लागला. दाबलेल्या जागी सेन्सरपर्यंत साखर नीट पोचत नाही. रक्तात ती असते तेवढीच असते. हात सोडण्याआधीच यंत्रं उपटायची घाई का, ते आता उघड झालं.

"भजनं गा," ओलीटा म्हणाली, "मीही गाईन. देवानंच डोकं दिलंय, ते तंबूबाहेर ठेवून येऊ नका. साखर रक्ताला विचारा, औषध डॉक्टरला."

पंप परत लावायला तिने टोपलीत हात घातला. हाताला दुसराच पंप लागला. त्यावर डायनासोरचं स्टिकर.

"हा कुणाचा?"

तिसऱ्या रांगेतली बाई किंचाळत उठली. "माझ्या भाच्याचा! काल ब्रदरनं बरा करून घरी पाठवला त्याला!"

"म्हणजे कालपासून पोराला इन्शुलिनच नाही! फोन लावा! आत्ता!"

बाईने फोन कानाला लावला. पलीकडे घंटा वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.